डॉक्टरांचा भ्रमणध्वनी आणि रुग्णांची गुपिते

काही वर्षांपूर्वीपर्यंत रुग्णाची माहिती दोनच ठिकाणी असे: दवाखान्याच्या कपाटात आणि डॉक्टरांच्या स्मरणात. कपाटाला कुलूप असे आणि स्मरणाला वैद्यकीय शपथेचे बंधन. आज तीच माहिती आपल्या खिशातील स्मार्टफोनमध्ये येऊन बसली आहे. नागपूरच्या प्रयोगशाळेतून आलेला अहवाल, तान्ह्या बाळाच्या अंगावरील पुरळाचे छायाचित्र, मध्यरात्री एखाद्या मातेने पाठविलेला निरोप, हे सारे त्या एका यंत्रात साठलेले असते. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करून अशा सल्ल्याला अधिकृत मान्यता दिली. रुग्णांची सोय झाली, पण त्यासोबत आपली जबाबदारीही वाढली.

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या आपल्या परिसरात बहुतेक जण एकमेकांना ओळखतात. क्षयरोग, एचआयव्ही, अपस्मार वा मानसिक आजार यांपैकी एखादा शब्द बाहेर फुटला, तर एखाद्या मुलीचे जमलेले लग्न मोडू शकते. बँकेतून गेलेले पैसे कदाचित परत मिळतील. फुटलेले गुपित परत घेता येत नाही. म्हणूनच भ्रमणध्वनीची सुरक्षितता हा आपल्या व्यवसायधर्माचाच भाग मानला पाहिजे.

संसर्ग कसा होतो?

फोनवरील हल्ल्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला विरळ, परंतु अत्यंत प्रभावी. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांना परदेशी क्रमांकांवरून अनोळखी व्हॉट्सअ‍ॅप कॉल येत असत. त्यांचा फोन ‘पेगासस’ या हेरगिरी करणाऱ्या प्रणालीचे लक्ष्य ठरल्याचे टोरांटो येथील सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने त्यांना कळविले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ही बाब वृत्तपत्रांतून सर्वांना ठाऊक झाली. त्या वर्षी जगभरातील सुमारे १४०० फोन अशा रीतीने लक्ष्य झाल्याचे व्हॉट्सअ‍ॅपने सांगितले. विशेष म्हणजे हा कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपमधील एका त्रुटीतून हेर आत शिरत होता. मे २०१९ मध्ये नवी आवृत्ती देऊन ती त्रुटी दूर करण्यात आली. अशी महागडी प्रणाली आपल्यासारख्यांवर वापरली जाण्याची शक्यता फार थोडी. परंतु यातून मिळणारा धडा सर्वांसाठी आहे: नवी आवृत्ती लांबणीवर टाकणे म्हणजे लसीचा डोस चुकविणे होय.

दुसरा प्रकार सर्वत्र आढळतो आणि त्यात दार आपणच उघडतो. लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलान, पीएम किसानचा हप्ता किंवा बँकेचे केवायसी अशा नावाने एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती पत्रिका नसून अ‍ॅप असते. ते स्थापित होताना संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती मिळताच बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही परवानगी दिली तर ते पडदा वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. पुष्कळदा तीच फाईल आपल्या यादीतील सर्वांना आपल्याच नावाने जाते. डॉक्टरांच्या क्रमांकावरून आलेली फाईल रुग्ण विश्वासाने उघडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या संसर्गाचे गांभीर्य कळते.

प्रतिबंधाचे उपाय

१. फोनची प्रणाली व सर्व अ‍ॅप्स अद्ययावत ठेवावीत. ज्या फोनला सुरक्षेचे नवे अद्यतन मिळणे थांबले आहे, त्यावर रुग्णांची माहिती ठेवू नये.

२. अ‍ॅप केवळ प्ले स्टोअर वा अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्यावे. फाईल ओळखीच्या माणसाकडून आली असली, तरी आधी त्याला फोन करून विचारावे.

३. महिन्यातून एकदा परवानग्या तपासाव्यात. बॅटरीचा उजेड देणाऱ्या अ‍ॅपला आपले संदेश वाचण्याचे कारण नाही.

४. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सहा अंकी पिन लावावा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसल्यास तो तत्काळ काढून टाकावा.

५. कुणाच्या सांगण्यावरून तारांकित क्रमांक फिरवू नये; त्यामुळे आपले कॉल दुसरीकडे वळविले जाऊ शकतात. शंका आल्यास ##००२# फिरविल्याने अशी सर्व वळणे रद्द होतात.

६. रुग्णाचे छायाचित्र घेताना चेहरा व नाव टाळावे. व्हॉट्सअ‍ॅपवरील चित्रे आपोआप गॅलरीत साठण्याची सोय बंद ठेवावी. चर्चेसाठी समूहावर पाठवायचेच असेल, तर ओळख पटेल असा प्रत्येक तपशील काढून टाकावा.

७. बालरोगतज्ज्ञ या नात्याने एक सूचना. रडणाऱ्या मुलाला शांत करण्यासाठी दवाखान्याचा वा बँकेचा फोन हाती देऊ नये. मूल खेळता खेळता कोणत्या जाहिरातीवर बोट ठेवील, हे सांगता येत नाही.

संसर्ग झालाच तर?

बॅटरी लवकर संपणे, फोन तापणे वा इंटरनेटचा खर्च वाढणे ही लक्षणे ज्वरासारखी आहेत: सूचक, पण निदान करण्यास अपुरी. शंका येताच फोनचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. रक्कम अनेक खात्यांतून पुढे सरकण्याआधी ती गोठविता आली, तरच वाचते. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. संकेतशब्द दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून बदलावेत. तक्रारीपूर्वी संदेश वा फाईल पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा असतो. तक्रार नोंदविल्यावर, आवश्यक माहितीची प्रत घेऊन, फोन मूळ स्थितीत आणावा.

फोन चोरीस गेल्यास पोलिसांत तक्रार करून दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेद्वारे तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# फिरवून तो आजच वहीत लिहून ठेवावा.

रुग्णाची माहिती गेल्याची खात्री झाल्यास ती गोष्ट त्या रुग्णापासून लपवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अशी गळती संबंधित व्यक्तीला कळविण्याची तरतूद आहे. मात्र कायद्याआधीपासून आपला व्यवसाय ज्या विश्वासावर उभा आहे, तो विश्वासच हे सांगतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्णाचे गुपित जपण्याचे बंधन घातलेले आहे. ते कपाटातील कागदाला जितके लागू होते, तितकेच खिशातील फोनलाही लागू आहे. तेव्हा प्रत्येक दवाखान्याने परिचारिका, कंपाउंडर व स्वागतकक्षातील सहकाऱ्यांना सोबत घेऊन वरील सात उपाय एकदा प्रत्यक्ष करून पाहावेत, ही व्यवसायबंधूंना नम्र विनंती.