कॉर्निल्या : गडग्यांनी तोलून धरलेलं गाव

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरच्या ‘चिंक्वे तेर्रे’ या पाच गावांवर मराठीत एव्हाना पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून रंगीत घरं आणि सूर्यास्त यांची उजळणी करत नाही. माझा जीव अडकला आहे तो पाचांतल्या मधल्या कॉर्निल्यात. बाकीची चार गावं समुद्राला खेटून बसलेली. हे एकटं शंभरेक मीटर उंच कड्यावर. रेल्वे स्टेशन खाली राहतं, आणि तिथून लार्दारिना नावाचा विटांचा जिना ३३ टप्प्यांत, पावणेचारशेहून अधिक पायऱ्या चढवत तुम्हाला गावात नेतो.

राजकीय इतिहास थोडक्यात आटोपतो. १२७६ मध्ये फिएस्की घराण्याकडून हा मुलूख जेनोवाकडे गेला. त्या घराण्याचं नाव गावातल्या मुख्य गल्लीला आजही आहे. सान पिएत्रोचं चर्च चौदाव्या शतकातलं. त्याच्या दर्शनी भिंतीतली संगमरवरी चक्राकार खिडकी जरूर पाहावी. १८७४ मध्ये रेल्वे आली, शेजारच्या ला स्पेत्सियात आरमाराची गोदी उभी राहिली आणि गावचे तरुण हात तिकडे वळले.

‘कॉर्निल्यात किनारा नाही, तासाभरात उरकतं’ असं प्रवासाची पुस्तकं लिहिणारे काही जण सांगतात. ते मला मुळीच मान्य नाही. ही मंडळी गावाच्या चौकातून मागे फिरतात. वोलास्त्राकडे जाणारी द्राक्षमळ्यांतली वाट त्यांनी तुडवलेलीच नसते, आणि या गावाचं खरं वैभव त्याच वाटेवर आहे : डोंगर आडवा कापून घडवलेले टप्पे आणि त्यांना धरून ठेवणारे दगडी गडगे.

कोकणातल्या वाचकाला गडगा समजावून सांगायला नको. आपल्याकडे तो आवार राखतो, तिथे डोंगर राखतो. चुना नाही, सिमेंट नाही. तळाला मोठे दगड, त्यांच्या बेचक्यांत लहान, आणि मागे खडीची भर. पाऊस पडला की पाणी त्या फटींतून झिरपून जातं, मातीचा दाब भिंतीवर साठत नाही. असा एक ढासळलेला गडगा रचणारा म्हातारा मी बराच वेळ पाहत बसलो होतो. प्रत्येक दगड हातात फिरवून तो त्याची बसकी बाजू शोधायचा, हातोडीनं एखादा कोपरा उडवायचा आणि दगड बसला की तळव्यानं दाबून हलतो का ते बघायचा. निघालेली कपचीही मागच्या भरीत जायची.

या टप्प्यांवर बोस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेंतिनो ही द्राक्षं पिकतात. काही घड सावलीत सुकवून नोव्हेंबरात गाळतात आणि त्यातून ‘शाकेत्रा’ ही गोड वाइन होते. गावच्या वाइनची कीर्ती जुनी : बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये पोटाच्या विकारानं बेजार झालेल्या मठाधिपतीला भाजलेला पाव आणि कॉर्निल्याची व्हेर्नाच्चा दिली जाते.

१९९७ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१८ मध्ये बिनचुन्याच्या भिंती रचण्याची कला इटलीसह आठ देशांच्या नावानं अमूर्त वारशात नोंदली गेली. गौरव वाढत गेला, मळे मात्र ओस पडत गेले. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत शेजारचं व्हेर्नात्सा चिखलानं भरलं, तेव्हा अलीकडेच पडीक पडलेल्या टप्प्यांवर दरडी सर्वाधिक कोसळल्याचं अभ्यासकांना आढळलं. मला त्यात नवल वाटलं नाही. गडग्याला माणूस लागतो. निसटलेला एक दगड त्याच हंगामात बसवला नाही, तर पुढच्या पावसात अख्खी भिंत जाते. आज गल्ल्यांत पर्यटकांची रीघ असते आणि मळ्यांत पाठीवर टोपली घेतलेली माणसं तुरळक दिसतात. एवढी माणसं येऊन या डोंगराच्या वाट्याला काहीच येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून सांगणं एवढंच : जाल तेव्हा मुक्काम करा, वोलास्त्राची वाट चाला, गडग्यांवर चढून फोटो काढू नका, आणि बाटली घ्यायचीच तर तिथल्या मळेवाल्याकडून घ्या. त्या पैशातूनच पुढचा गडगा उभा राहतो.