मुलाला समजले का, हे कोण पाहणार?

शिक्षणाशिवाय समाजाचा उद्धार नाही, हे महात्मा जोतीराव फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपणास शिकविले. म्हणूनच मुलाला शाळेत घाला, असे आज वस्तीतल्या निरक्षर आजीलाही सांगावे लागत नाही. परंतु शाळेत गेलेले मूल खरोखर शिकते आहे काय, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. बँकेच्या काउंटरवर काम करताना आठवी-नववीपर्यंत शिकलेले तरुण पैसे काढण्याची स्लिप दुसऱ्याकडून भरून घेताना मी पाहतो. ही मुले शाळेत गेलीच होती. वर्ग पुढे गेला, ती मागे राहिली आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

हा प्रश्न जुना आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी केवळ शाळा मागितल्या नाहीत. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार मिळावा, ते शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत व सामान्य लोकांत मिसळणारे असावेत, असेही त्यांनी मांडले. शाळा कोठे आहे याइतकेच तेथे कोण व कसे शिकवितो हे महत्त्वाचे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

चुकीचे उत्तर काय सांगते?

एक साधे उदाहरण घेऊ. ४२ मधून १७ वजा करावयाचे आहेत. एक मूल ३५ असे उत्तर लिहिते. शिक्षक लाल फुली मारतात आणि पुढची वही घेतात. परंतु त्या मुलाला "तू हे कसे केलेस?" असे विचारले, तर ते सांगेल की, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. म्हणजे मूल 'ढ' नाही. त्याला हातच्याचा अर्थ कळलेला नाही, एवढेच. त्याच्या हाती काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या द्याव्यात. सात काड्या देण्यासाठी त्याला एक गठ्ठा सोडावाच लागतो. सुट्या बारा होतात, त्यातून सात गेल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन उरले. उत्तर २५. आता हातचा त्याला पाठ करावा लागत नाही.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपल्या शहरात १९५० साली महाविद्यालय सुरू केले. त्यास पुढे लाभलेले 'मिलिंद' हे नाव व परिसराचे 'नागसेनवन' हे नाव 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातील संवादाची आठवण देतात. त्यात राजा मिलिंद निर्भयपणे शंका विचारीत राहतो आणि भन्ते नागसेन, राजा ज्या रथातून आला त्या रथाचाच दाखला देऊन अवघड विषय उलगडतात. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा व शिक्षकाने त्याच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करावी, हेच चांगल्या अध्यापनाचे सार आहे.

झालेले प्रयोग

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी अशाच रीतीने, मुलांना गटात बसवून व हाताळायला साहित्य देऊन शिकविले. राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास गेले. २२ जून २०१५ रोजी शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा निर्णय काढला. मुंबई व बडोदा येथील 'बालसखी' उपक्रमात वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींनी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळात वेगळे बसवून वाचन व अंकगणित शिकविले. या उपक्रमाचा शास्त्रीय अभ्यास झाला. सर्वांत मागे असलेल्या मुलांनाच त्याचा अधिक लाभ झाल्याचे दिसले. तो अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कायदा आपल्या बाजूने

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकविणे व पालकांना प्रगती सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यात प्रमाणशीर स्थान आहे. मात्र कित्येकदा ही समिती सहीपुरतीच उरते.

येथे आम्हा नोकरदारांची जबाबदारी येते. आमच्यापैकी बहुतेकांनी आपली मुले इंग्रजी शाळेत घातली. जिल्हा परिषदेची व महानगरपालिकेची शाळा मात्र ज्यांचा आवाज कोठे पोहोचत नाही, त्यांच्या मुलांसाठी उरली. ज्या शाळांनी आपल्याला वर आणले, त्यांच्याकडे पाठ फिरविणे शोभणारे नाही.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. बैठकीस जाणाऱ्या पालकाने "किती मार्क पडले?" याऐवजी "त्याला काय येते, काय येत नाही व त्यासाठी काय करणार?" असे विचारावे. त्यात भांडणाचा सूर नसावा. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग व वर कागदपत्रांचे ओझे असते, हेही ध्यानात घ्यावे. दुसरे, विहारातील सायंवर्गात मुलांना इयत्तेनुसार न बसविता, अक्षरे ओळखणारी, शब्द वाचणारी व परिच्छेद वाचणारी अशा गटांत बसवावे. तिसरे, आपल्यातील पदवीधरांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ तेथे द्याव्यात. देणगीची पावती फाडण्यापेक्षा हे दान मोठे आहे, याचा समाजबांधवांनी व भगिनींनी जरूर विचार करावा.