सायनसमधली रक्ताची गाठ : हाड झिजले म्हणजे कॅन्सरच का?

घोळणा फुटला की आपल्याकडे कांदा हुंगायला देतात, 'उष्णता वाढली' म्हणतात आणि विषय संपतो. बहुतेक वेळा नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते, त्यात काळजीचे काही नसते. पण एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येणे, तीच बाजू चोंदणे, त्याच बाजूचा गाल फुगणे ही उष्णता नव्हे.

अशा रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये कधी गालामागची पोकळी, म्हणजे मॅक्सिलरी सायनस, गाठीने भरलेली दिसते. नाकाकडची हाडाची भिंत पातळ झालेली असते, काही ठिकाणी उरलेलीही नसते. रिपोर्टमध्ये 'हाड झिजले आहे' एवढे वाचून घरातले लोक कॅन्सर गृहीत धरतात. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जो हाहाकार केला, त्यानंतर काळ्या बुरशीची भीतीही त्यात मिसळली आहे.

कॅन्सरची शंका घ्यायलाच हवी. पण हाड झिजवणारा तो एकटा नाही. ऑर्गनाइज्ड हेमॅटोमा ही दुर्मीळ, साधी गाठही तेच करते. तिचे बहुतेक रुग्ण जपान आणि कोरियातल्या वैद्यकीय नोंदींत सापडतात. सायनसमध्ये रक्तस्राव होतो आणि निचरा न झाल्याने रक्त तिथेच साठते. त्याभोवती तंतुमय आवरण तयार होते, त्यामुळे ते शोषलेही जात नाही. मग आत नव्या, नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात, त्या फुटतात आणि पुन्हा रक्त साठते. हे चक्र चालू राहिले की गाठ मोठी होत जाते आणि तिच्या दाबानेच हाड झिजते. कॅन्सरसारखी पेशींची बेबंद वाढ इथे नसते. मार, आधीची शस्त्रक्रिया, रक्त न गोठण्याचा विकार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांच्यामुळे हे होऊ शकते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. (गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.)

एमआरआयमध्ये जुने आणि ताजे रक्त शेजारी शेजारी असल्याने गाठ ठिकठिकाणी वेगळी दिसते, कडेला अनेकदा गडद वलय असते. त्यावरून अंदाज बांधता येतो, निदान पक्के होत नाही.

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' या भीतीने बायॉप्सी टाळणारे अजून भेटतात. त्या भीतीला आधार नाही. किशोरवयीन मुलाच्या नाकात रक्ताळ गाठ असेल तर मात्र डॉक्टर बायॉप्सीआधी स्कॅन करतात, कारण ती अँजिओफायब्रोमा असल्यास तुकडा घेताना प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. उलट बाजूचा गैरसमजही तितकाच घातक आहे : बायॉप्सीत नुसते रक्त आणि मृत ऊती आल्या म्हणजे सुटलो! वरवरचा तुकडा फसवू शकतो, कॅन्सरच्या गाठीवरही मृत ऊतींचा थर असतो. खात्रीचा निर्णय पूर्ण गाठ काढून पॅथॉलॉजिस्टने तपासल्यावरच होतो.

त्यासाठी चेहरा कापावा लागेल ही धास्तीही बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी असते. आता ही गाठ नाकातून दुर्बिणीने काढता येते आणि पूर्ण निघाली तर सहसा परत होत नाही.

एकाच बाजूने वारंवार रक्त येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि शस्त्रक्रिया झालीच तर काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या.