पेशंटचा फीडबॅक

नवा मोबाईल बिघडला तर आपण बिल घेऊन दुकानात जातो, भांडतो, वेळ पडली तर ग्राहक न्यायालयाची धमकी देतो. मग दवाखान्यात गेल्यावर आपण गप्प का बसतो?

कायदा तर आहे. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात सांगितलं की, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. पण जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत मिळतात, ते दवाखाने त्यातून वगळले. म्हणजे बिल भरणारा ग्राहक झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत गोळ्या घेणाऱ्या बाईने मात्र कुठे जायचं? साबण घेताना टॅक्स तर तीही भरते!

यावर एक उपाय आपल्याच राज्यात झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं. त्याचा भाग म्हणून २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. राज्य पातळीवर समन्वय पुण्याच्या 'साथी' संस्थेने केला.

पद्धत अगदी सोपी. गावची समिती लोकांना विचारते: नर्सताई गावात येतात का? औषधं केंद्रातच मिळतात, की बाहेरून आणायला लावतात? कोणी पैसे मागतं का? उत्तरांवरून रिपोर्ट कार्ड रंगवतात. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं. पुढची पायरी जनसुनवाई. गावकरी, डॉक्टर आणि अधिकारी समोरासमोर बसतात. तक्रार सगळ्यांसमोर होते आणि उत्तरही सगळ्यांसमोर द्यावं लागतं.

इंजिनिअरिंगच्या भाषेत हा फीडबॅक लूप झाला. नुसतं वरून औषध आणि पैसा पाठवत राहणं म्हणजे ओपन लूप. खाली काय पोचलं ते वर कळतच नाही. आणि दोष दर वेळी डॉक्टरचा नसतो. कधी औषधांचा पुरवठा अडकलेला असतो, कधी पदच रिकामं असतं. सुनावणीत तेही उघड होतं.

पण नुसता सेन्सर बसवून भागत नाही. रिकामं पद गाव भरू शकत नाही, तो निर्णय वरच व्हावा लागतो. तो झाला नाही, तर लाल रंग लालच राहतो आणि लोक पुढच्या सुनावणीला येत नाहीत.

आपल्या होस्टेलमधले कितीतरी जण खेड्यातून आलेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढंच विचारा: आपल्या गावच्या आरोग्य समितीत कोण कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली?