मॉरिस मायनर : एका लहान मोटारीची घडण

दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंग्लंडांत लहान मोटारी नव्हत्या असें नाहीं. ऑस्टिन सेव्हन १९२२ सालीं निघाली, मॉरिस एट १९३४ सालीं. परंतु अशा गाडींत अंग अवघडून बसावें, प्रत्येक खळग्याचा हिशेब पाठीच्या कण्यानें द्यावा, आणि पैसे थोडे पडले एवढ्यावर समाधान मानावें, अशीच रीत होती. थोडे पैसे देणाऱ्या कुटुंबास हलक्या प्रतीचीच वस्तु मिळावी काय? या प्रश्नाचें निराळें उत्तर १९४८ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनांत लोकांपुढें आलें. तें उत्तर म्हणजे मॉरिस मायनर.

तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांचा जन्म १९०६ सालीं स्मर्ना शहरीं झाला. १९२२ च्या धामधुमींत कुटुंबास तें शहर सोडावें लागलें. वडील माल्टा बेटांत वारले आणि मातेसह हा मुलगा इंग्लंडांत आला. बॅटर्सी येथील तंत्रशाळेंत गणिताच्या परीक्षेंत ते तीनदां नापास झाले. (गणिताचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं यावरून भलताच बोध घेऊं नये, त्यांच्या हातच्या रेखाटनांवरून मापशीर नकाशे करण्यास जॅक डॅनिएल्स यांच्यासारखा जाणता सहकारी लागलाच!) युद्ध चालू असतांनाच ‘मॉस्किटो’ या गुप्त नांवानें नव्या गाडीचें काम सुरू झालें.

या गाडींत नवें काय होतें तें नीट समजून घेण्याजोगें आहे. जुन्या गाडींत खालीं पोलादी सांगाडा असे व त्यावर वरचा भाग, बैलगाडीचा साटा आंखावर ठेवावा तसा, ठेवून जखडलेला असे. मायनरची तळजमीन, बाजू व छप्पर मिळून एकच पेटी झाली; त्यामुळें वजन न वाढतां बळकटी आली. पुढचीं दोन चाकें एकमेकांपासून स्वतंत्र वरखालीं होत. धक्का बसला कीं लांब पोलादी कांब ओल्या धोतरासारखी पिळली जाई आणि लगेच उलगडे. चाकें लहान, १४ इंचांचीं, असल्यामुळें आंत बसणाऱ्यांस अधिक जागा मिळाली. सुकाणूच्या दांड्याच्या टोंकाला दंतचक्र होतें व तें एका दांतेरी पट्टीस सरळ डावीउजवीकडे सरकवी. म्हणून हात हलतांच गाडी वळे. वळणावर तिच्याइतकी विश्वासू लहान गाडी त्या काळीं इंग्लंडांत क्वचितच असेल.

कारखान्याचे धनी लॉर्ड नफील्ड हे ऑक्सफर्डांत सायकली दुरुस्त करीत करीत मोठे झालेले उद्योगी गृहस्थ. त्यांना ही गाडी मुळींच आवडली नाहीं. पाण्यांत फोडून शिजविलेल्या अंड्यासारखी दिसते, असें ते म्हणत. आणि मॉरिस एटला मागणी भरपूर असतां ही नवी उठाठेव कशाला, असा त्यांचा सवाल होता. नव्या गाडीचा पक्ष घेणारे माइल्स थॉमस १९४७ सालीं कारखाना सोडून गेले.

अशा प्रतिकूल वेळीं, सर्व सिद्धता होत आली असतां, इसिगोनिस यांना वाटलें कीं गाडी अरुंद दिसते. त्यांनीं नमुन्याची गाडी लांबींत मधोमध कापविली आणि दोन अर्ध एकमेकांपासून हळूहळू दूर सरकवून पाहिले. चार इंचांवर डोळ्यांस समाधान झालें. तितक्यांत बंपर तर तयार होऊन पडले होते! मग ते मधोमध कापून जोडपट्टी बसविली, आणि बॉनेटावरही मध्यें चार इंचांची सपाट पट्टी आली. या चार इंचांनीं गाडी रस्त्यावर अधिक ठाम उभी राहिली आणि आंतली जागाही वाढली.

एंजिनाच्या बाबतींत मात्र तडजोड झाली. आडव्या चार नळकांड्यांचें नवें एंजिन योजिलें होतें. तें खर्चाच्या भयानें सोडून मॉरिस एटचें ९१८ घनसेंटिमीटरांचें जुनें एंजिन बसविलें. सुदैवानें आडव्या एंजिनासाठीं राखलेली रुंद जागा तशीच राहिली व पुढील एंजिनें तींत सहज मावलीं. १९५२ सालीं ऑस्टिन व मॉरिस एक झाल्यावर ऑस्टिनचें ८०३ चें, १९५६ सालीं ९४८ चें व १९६२ सालीं १०९८ चें एंजिन आलें. १९५६ मध्येंच समोरची दुभंगलेली कांच जाऊन अखंड कांच आली.

खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या परिचारिका, पोलीस व लहान कुटुंबें यांनीं ही गाडी आपलीशी केली. १९६० च्या डिसेंबरांत दहा लाखावी मायनर तयार झाली. इतकी संख्या गांठणारी ही पहिलीच ब्रिटिश गाडी. आपल्या देशांत हिंदुस्थान मोटर्सनें हीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें विकली; पुढें प्रसिद्ध झालेली अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वंशज, म्हणजे मायनरच्या घराण्यांतलीच. इंग्लंडांत मायनरचें उत्पादन १९७१ सालीं थांबलें. तोंपर्यंत सुमारे १६ लाख गाड्या बाहेर पडल्या होत्या, आणि बॉनेटावरील ती चार इंचांची पट्टी शेवटपर्यंत कायम होती.