बाबांचा रकाना

मानसशास्त्राच्या तासाला ‘बालविकास’ शिकताना पालकांचे प्रकार आले आणि मी वहीत बाबांना ताबडतोब ‘हुकूमशाही’ रकान्यात बसवून टाकले. डायना बॉमरिंड या अमेरिकन विदुषीने १९६०च्या दशकात तीन प्रकार मांडले : हुकूम सोडणारे, मोकळे सोडणारे आणि शिस्त लावताना कारणही सांगणारे. मुलाकडून अपेक्षा किती आणि त्याला माया, प्रतिसाद किती, यावर ही विभागणी बेतली आहे. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथा प्रकार जोडला, दुर्लक्ष करणाऱ्यांचा.

बाबा कारण कधीच सांगत नाहीत. कपाशीवर फवारणी चालू असली की “धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही!” एवढेच ओरडायचे. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा मी शाळेत होते. त्या ओरडण्यामागचे कारण मला तेव्हा कळले.

पुढे वाचले की, खुद्द बॉमरिंडबाईंनाच १९७२च्या एका अभ्यासात कडक शिस्तीच्या कृष्णवर्णीय घरांतल्या मुली उलट धीट आणि स्वावलंबी आढळल्या. मुली मोजक्याच होत्या, हेही खरे.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रवेशअर्ज पुढे केला तेव्हा बाबांनी एवढेच विचारले, “सही कुठं करू?” हे कोणत्या रकान्यात लिहायचे?