संकटात बोलायचे कोणत्या लहरींवर?

प्रतिनिधी

तेल्हारा : अकोला जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील हा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला आहे. उत्तरेस मेळघाट व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट असलेले वान अभयारण्य, पश्चिमेस बुलढाणा जिल्ह्याची हद्द आणि वारी येथे वान नदीवरील हनुमान सागर धरण. डोंगरात मुसळधार पाऊस झाला की धरणावरील पाटबंधारे कर्मचारी, तहसील कार्यालय, पोलीस ठाणे आणि वनरक्षक यांना एकमेकांशी तातडीने बोलावे लागते. हे संभाषण सामान्य मोबाइलवर विसंबून ठेवावे, की त्यासाठी स्वतंत्र रेडिओलहरी राखून ठेवाव्यात, या प्रश्नावर जगभर गेली दोन दशके खल सुरू आहे. तो महानगरांपेक्षा अशा कोपऱ्यातील तालुक्यांना अधिक लागू पडतो.

मुळात संकटकाळातील संदेशाचे दोन टप्पे असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला टप्पा नागरिकाकडून यंत्रणेकडे. तेल्हाऱ्यातून ११२ क्रमांक फिरविला, तर फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात जातो. तेथून माहिती अकोल्याच्या नियंत्रण कक्षाकडे येते आणि जवळच्या पोलीस वाहनाला निरोप मिळतो. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेमुळे पहिला टप्पा बराच सुधारला. दुसरा टप्पा म्हणजे मदतीला धावलेल्यांचे आपापसांतील बोलणे. खरी अडचण येथे आहे.

मोबाइलचे जाळे पुरात कोलमडते, याची कारणे गूढ नाहीत. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो. पुढे डिझेल पोहोचवावे लागते आणि रस्ताच वाहून गेलेला असतो. रस्त्याच्या कडेने पुरलेली फायबर केबलही त्याच पाण्यात तुटते. शिवाय जे टॉवर तग धरून असतात, त्यांच्यावर सारा गाव एकाच वेळी फोन लावतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतील मोबाइलसेवेची हीच गत झाली होती. २२ जुलै २०२३ रोजी तेल्हाऱ्याच्या शेजारच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्यातून उतरलेल्या नद्यांनी हाहाकार उडविला. अशा प्रसंगी मुंबईइतके दाट टॉवर ग्रामीण भागाच्या वाट्याला नसतात, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच पोलीस आणि वनखात्याने आपले बिनतारी संच टिकवून ठेवले आहेत. मेळघाटातील ज्या मतदान केंद्रांवर रेंज नाही, तेथील माहितीही या संचांवरूनच बाहेर येत आली आहे. बटण दाबले की एकाचा आवाज सर्वांना ऐकू जातो, नंबर फिरवावा लागत नाही. उंच जागेवरील रिपीटर बंद पडला तरी दोन संच थेट बोलू शकतात. मात्र, त्यावरून केवळ आवाज जातो. पुराच्या पाण्याचे छायाचित्र किंवा बोटीचे नकाशावरील ठिकाण पाठविता येत नाही. त्याहून मोठी उणीव अशी की प्रत्येक खात्याला वेगळी फ्रिक्वेन्सी दिलेली असते. एका काठावरील पोलीस आणि दुसऱ्या काठावरील वनरक्षक यांच्या हातात वॉकीटॉकी असूनही त्यांना निरोप आपापल्या नियंत्रण कक्षांमार्फत फिरवावा लागतो.

यावर उपाय म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) जून २०१८ मध्ये शिफारशी केल्या. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका व आपत्ती निवारण दले यांच्यासाठी मोबाइलच्याच एलटीई तंत्रावर चालणारे देशव्यापी जाळे उभारावे. त्यासाठी गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत विशेष कंपनी स्थापावी आणि ८१४ ते ८२४ व ८५९ ते ८६९ मेगाहर्ट्झ हे पट्टे राखून ठेवावेत, असे त्यांचे सार. पट्ट्याची ही निवड महत्त्वाची आहे. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी दूरवर पोहोचतात, झाडी आणि भिंती यांतून तुलनेने सहज पार होतात. जंगलाच्या कडेला थोडक्या टॉवरांवर काम भागवायचे, तर असाच पट्टा हवा.

अडचण पैशाची आहे. हेच पट्टे मोबाइल कंपन्यांनाही हवे असतात. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील देशभरच्या १० मेगाहर्ट्झसाठी रिलायन्स जिओने ३९ हजार २७० कोटी रुपये मोजले. एवढा मौल्यवान ऐवज वर्षातील थोड्या दिवसांसाठी अडवून ठेवावा काय, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेने यावर तोडगा काढला. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यात अग्निशमन जवानांचे रेडिओ निकामी ठरल्यानंतर बराच काळ चर्चा होऊन २०१२ मध्ये ‘फर्स्टनेट’ला २० मेगाहर्ट्झ मिळाले. एरवी खासगी कंपनी ते व्यवसायासाठी वापरते, संकटात मात्र तिच्या ग्राहकांना बाजूला सारले जाते. आपल्याकडे रेल्वेचे उदाहरण आहे. ट्रायने २०१९ मध्ये शिफारस केली आणि जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात पाच मेगाहर्ट्झ मंजूरही केले. मनात आणले तर राखीव लहरी देता येतात, असाच याचा अर्थ होतो.

दुसरा, स्वस्त मार्ग म्हणजे खासगी जाळ्यावरच अग्रक्रम. दूरसंचार कायदा, २०२३ मधील कलम २० जून २०२४ मध्ये लागू झाले. बचावकार्यासाठी प्राधिकृत व्यक्तींचे संदेश आधी पुढे जावेत, अशी व्यवस्था करण्याचा अधिकार त्यानुसार सरकारला आहे. गर्दीच्या वेळी याचा उपयोग निश्चित होईल. पण बंद पडलेल्या टॉवरवर अग्रक्रम मिळून काय साधणार? शिवाय दंगलीच्या वेळी प्रशासन स्वतःच मोबाइल इंटरनेट बंद करते. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये ते झाले. सार्वजनिक जाळ्यावर आपली यंत्रणा उभारणाऱ्यांना अशा प्रसंगांचीही तजवीज आधीच करावी लागेल.

नवे जाळे आले म्हणजे जुने संच अडगळीत टाकता येतील, अशीही समजूत आहे. ब्रिटनने सरकारी कामासाठी खासगी फोरजी जाळे वापरण्याचे ठरविले; परंतु जुनी ‘एअरवेव्ह’ रेडिओ यंत्रणा बंद करण्याची मुदत त्यांना वारंवार पुढे ढकलावी लागली. त्यामागे एक साधे गणितही आहे. फोरजी हँडसेटची प्रक्षेपणशक्ती सुमारे ०.२ वॅट, तर हातातील व्हीएचएफ वॉकीटॉकीची साधारण पाच वॅट असते. टॉवर नसलेल्या दरीत दोन माणसांना थेट बोलायचे झाल्यास यातला कोणता संच जवळ असावा, हे वान अभयारण्यातील कोणताही वनरक्षक सांगेल.